शेवंताबाईची हाक

केरबा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. शिवाजी पेठेत, तालमीमागच्या बोळाच्या एका टोकाला त्याचं दुकान, दुसऱ्या टोकाला घर. दीड वर्षापूर्वी त्याच्या बायकोला, शेवंताबाईला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हाताचाही अंगठाच तेवढा चालायचा. मोबाईलच्या काचेवर तो नेमका पडेना.

मग केरबानं रिमोटवर चालणारी एक मोडकी खेळण्यातली गाडी उचलली. रिमोट तिच्या अंगठ्याखाली बांधला, एरियलला लांब तार जोडली. गाडीतली मोटर काढून तिथं बझर बसवला आणि तो दुकानात टांगला. बझर वाजला की हातातलं काम टाकून तो घरी जायचा. पाणी पाजायचा, कूस बदलायचा, कधी नुसताच जवळ बसायचा.

दिवाळीच्या सुट्टीत बोळातल्या पाचसहा पोरांकडं रिमोटच्या गाड्या आल्या. सगळ्या सत्तावीस मेगाहर्ट्झच्या, केरबाच्याच फ्रिक्वेन्सीवरच्या. पोरांनी गाडी पळवली की दुकानात बझर ओरडायचा. केरबा धापा टाकत घर गाठायचा. शेवंताबाई मान हलवून नाही म्हणायची. त्यानं पोरांना विनवलं. पोरं तासभर थांबायची, पुन्हा सुरू.

चौथ्या दिवशी दुपारी दोन हेलपाटे फुकट गेले. तिसऱ्यांदा बझर वाजला तेव्हा केरबा उठलाच नाही. बझर वाजत राहिला. पंधरा मिनिटांनी केरबाच्या घरासमोर राहणारी निशिगंधा पळत आली. शेवंताबाई कॉटवरून खाली पडली होती, कपाळ फुटलं होतं. अंगठा अजून रिमोटवर होता. दवाखान्यात तीन टाके पडले. केरबानं तिचा हात धरला, तर तिनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलंच नाही. जुन्या खेळण्यातून एकोणपन्नास मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुकडा, काढून रिमोटमध्ये बसवला. आता बझरकडच्या, लहर पकडणाऱ्या कॉइलनंही तीच फ्रिक्वेन्सी धरायला हवी होती. त्यानं तारेचे वेढे कमी केले, प्लास्टिकच्या काडीनं आतला स्क्रू केसभर फिरवत राहिला. पोरांच्या गाड्यांचा त्रास थांबला, पण शेवंताबाईनं दाबलं तरी बझर गप्पच. आहे ती हाकही आपण घालवली, असं वाटून तो घाईघाईनं स्क्रू फिरवायला लागला. त्यात कॉइलची तार तुटली. ती पुन्हा गुंडाळताना डोळ्यांतल्या पाण्यानं त्याला काही दिसेना. संध्याकाळी एकदाचा बझर किणकिणला, पण खोलीतल्या खोलीत.

निशिगंधा म्हणाली, "काका, ह्ये घेऊन तुमी बोळातनं चालत जावा. मी काकूंच्या अंगठ्यावर हात धरतो. कुठवर वाजतंय बघू की."

तो चालत गेला. चाळीस पावलांवर बझर बंद पडला. दुकान नव्वद पावलांवर होतं. परत येऊन स्क्रू फिरवला, तार उंच बांधली. पंचावन्न झाली. त्यापुढं काही सरकेना.

शेवटी त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि पंचावन्नाव्या पावलाच्या अलीकडं, एका बंद घराच्या कट्ट्यावर टेबल मांडलं.

पहिल्याच दुपारी बझर वाजला. तो धावला. तिला काहीच नको होतं. तो कट्ट्यावर येऊन टेकतो न टेकतो तोच तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा गेला. ती नुसती दाराकडं बघत होती. असं सात वेळा झालं. हा येतो का, एवढंच तिला बघायचं होतं. केरबा सातही वेळा गेला.