बारदान वजा

गोणीच्या तोंडावर दोन बोटं टकटक वाजवायची आणि म्हणायचं, "बारदान वजा कर, मग बोल." आमच्या मापाडी चाचांची ही सवय. कुणी सांगितलं पोरीचं लग्न ठरलं, कुणी सांगितलं टीव्ही घेतला, की पहिलं उत्तर हेच.

बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालाचं वजन केलं की पोत्याचं वजन त्यातून काढतात. उरतो तो खरा माल. आम्ही हमाल पाठीवर घेतो ते सगळं एकत्रच घेतो, त्यामुळे आम्हाला हे सुचत नाही.

ही नव्वदनंतरच्या वर्षांतली गोष्ट. वाशीच्या दाणाबाजारात मी हमाली करत होतो. चाचा मापाडी. उरणकडच्या गावाहून एसटीने यायचे. जाळीची पांढरी टोपी, कानावर पेन, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. काटा हलत असेपर्यंत वहीत आकडा लिहायचे नाहीत. व्यापारी ओरडायचा, "चाचा, ट्रक उभा आहे!" चाचा म्हणायचे, "मंग काटा पन उभा राहू दे." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घाई असली की त्यांचा राग येतो.

मलाही आला होता. कारण मला त्यांची सही हवी होती.

झालं होतं असं. बहिणीच्या लग्नाला व्याजाने पैसे घेतले, मग गावच्या जत्रेला घेतले. आम्ही साताऱ्याकडची माणसं. चैत्रात जत्रेला गेलो की मुंबईकर म्हणून आमच्याकडे डोळे. वर्गणी मोठी लावायची, मटणाची पंगत घालायची, भावकीला लुगडी-टोप्या द्यायच्या. परत येताना खिशात एसटीपुरते. असं करत करत बाजाराच्या गेटबाहेरच्या व्याजवाल्याचे बारा हजार झाले. महिन्याला दहा टक्के. तो एक दिवस म्हणाला, "कोपरखैरण्याच्या खोलीचा पावरचा कागद, म्हणजे मुखत्यारपत्र, कर माझ्या नावावर. कर्ज माफ, वर वीस हजार रोख. राहा तिथेच, थोडं भाडं दे." मला वाटलं, सुटलो! वीस हजार मी एकदम कधी बघितले नव्हते. कागदाला साक्षीदार पाहिजे होता, अक्षर येणारा. म्हणून गेलो चाचांकडे.

त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. घडी घालून मला परत दिला.

"पैलवान, पगार किती?"

"अठ्ठावीसशे," मी छाती काढून सांगितलं.

"बारदान वजा कर."

मग त्यांनीच बोटांवर मोजायला घेतलं. व्याज बाराशे. रेशन, रॉकेल. खोलीचा हप्ता. पोरींची शाळा. बोटं संपली तरी खर्च संपेना. "गोनीत मालच नाय रे," ते म्हणाले. "तू नुसतं बारदान उचलून फिरतोस. आन तेवढं ठेवायला एक खोली हाय, ती पन देतोस?"

"तुम्हाला सही करायची नसेल तर तसं सांगा," मी तोडून बोललो.

"करतो ना. रविवारी घरी येतो. तुजी बायको हो म्हनाली तर करतो."

शालनला यातलं काही माहीत नव्हतं. हे त्यांनी कसं ओळखलं, देव जाणे.

रविवारी बाजार बंद. चाचा आले, हातात दाण्याच्या नमुन्याच्या कापडी पिशव्या. व्यापारी मूठभर माल दाखवायला ठेवतात त्या. शालनने चहा ठेवला. चाचांनी कागदात काय आहे ते तिला साध्या शब्दांत सांगितलं. तिने चहा गाळता गाळता गाळणी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "खोली इकायला निघालासा? आन मला इचारायचं न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "तूच तर हप्त्यावर भांडी घेतेस! दारावर येणाऱ्या बाईचे किती द्यायचेत, ते सांग की चाचांना!" तेव्हा ती गोरीमोरी झाली. तिचेही साडेचारशे होते.

चाचा हसले. "दोगं पन एकाच काट्यावर बसा. येकेकट्याचं वजन मी करनार नाय."

शालनला लिहिता-वाचता येत नव्हतं, मला जेमतेम. म्हणून त्यांनी तिच्याकडून सुईदोरा मागून घेतला. एका पिशवीवर तांदळाच्या दाण्यांची पुरचुंडी शिवली, ती रेशनची. एकीवर शर्टाचं बटण, ती कपड्यांची. एकीवर जुनी किल्ली, ती खोलीच्या हप्त्याची. पोरींच्या शाळेला पेन्सिलीचा तुकडा. शेवटच्या पिशवीत तांदूळ निवडताना निघालेला एक खडा टाकला आणि म्हणाले, "ही कर्जाची. दातात येतो ना खडा, तसा रोज आठवला पायजे. पगार झाला की सगल्यात आधी हिच्यात."

पैसे वाटून झाले तरी पिशव्या भरेनात. चाचांनी दोन बोटं जमिनीवर वाजवली. "पैलवान, घट येते. ट्रकवाले हातावर ठेवतात ते कुठंय?"

ते मी शालनला कधी सांगितलं नव्हतं. चहा-तंबाखू, टोळीतल्या पोरांबरोबर रविवारची मटण-भाकरी, त्यात जायचं सगळं. मान खाली घालून सांगितलं. वाटलं, आता ही भांडणार. तर ती उठली, ट्रंकेतून आईने दिलेली बोरमाळ काढली आणि चाचांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "गहाण न्हाई ठेवायची. इका. गहाण ठिवली की हे परत सोडवायच्या नावानं कर्ज काढतील."

कागद मी चुलीत घातला.

बोरमाळेचे सात हजार आले. ते घेऊन चाचा माझ्याबरोबर व्याजवाल्याकडे आले. तो उखडला, शिव्या दिल्या. चाचा बाकड्यावर बसून राहिले. "मी आयुष्यभर वजन लिवतोय," म्हणाले. "हा जे देईल ते मी लिवनार, तू सही करनार. बस." त्याने सही केली. उरले पाच हजार.

त्या वर्षी जत्रेला गेलो नाही. गावाहून निरोप आला, मुंबईला जाऊन माणुसकी विसरला. टोळीतले मला 'नमुना' म्हणू लागले, पिशव्यांवरून. मी चिडायचो, शालन हसायची. रविवारी ती पिशव्या मांडायची आणि मला विचारायची, "बोला मालक, आज काय उतरवलं?"

आता माझी चूक सांगतो. पुढच्या चैत्रात भावाचा निरोप आला, यंदा पालखीचा मान आपल्या घराकडे आहे. मला राहवेना. शालन पाण्याला गेली होती, तेवढ्यात खड्याच्या पिशवीतून चारशे काढले. तिला सांगितलं, टोळीच्या कामाला पुण्याला जातोय. जत्रेत मिरवलो, पंगतीला बसलो. घास मात्र गोड लागला नाही, हे खरं सांगतो.

सोमवारी बाजारात चाचा काट्याजवळ उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खडा हलका झालाय."

मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "चाचा, शालनला सांगू नका."

"मी कशाला सांगू? तू टाक परत."

त्या महिन्यात स्वतःची टोळी सुटली की कांदा-बटाट्याच्या बाजारात जाऊन गोण्या उतरवल्या. पाठ सोलून निघाली. चारशे परत टाकले. चाचांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मला इतकी वर्षं वाटायचं, या माणसाला पिशवी न बघता वजन कळतं.

पावसाळा संपता संपता कर्ज फिटलं. व्याजवाल्याने चिठ्ठी फाडली. शालनने पुरणपोळ्या केल्या, चाचांना बोलावलं. तिने विचारलं, "चाचा, आता खडा काढू?" ते म्हणाले, "राहू दे पोरी. कर्ज नसलं तरी टाकत जा." ती टाकत गेली. बोरमाळ मात्र पुन्हा झाली नाही. मी विषय काढला की म्हणायची, "गळा हलका बरा." माझ्यामुळे गेली ती. त्याला दुसरं नाव नाही.

चाचा थकले, मग बाजारात यायचे थांबले. एकदा आम्ही दोघं गूळ घेऊन त्यांच्या गावी गेलो. अंगणात खाटेवर बसले होते. गुळाची ढेप हातात तोलून म्हणाले, "कागद वजा कर, मंग सांगतो किती." त्यानंतर गेलो तेव्हा खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

शालन मागच्या वर्षी गेली. दवाखान्यात दोन महिने होती. एका दुपारी मोसंबी सोलत बसलो होतो, तर ती अचानक म्हणाली, "जत्रंला गेलावता ना तुमी, चारशे घिऊन."

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगल? त्याच दिवशी हातात धरली, हलकी लागली. मीच चाचांस्नी सांगितलं. म्हटलं, तुमी बोला, माझं नाव काढू नगा. माझ्या तोंडून आलं तर हे भांडतील. तुमी बोललासा तर परत टाकतील."

"आणि मी टाकले नसते तर?"

"टाकलंसा की," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

दवाखान्याचं बिल भरताना मी कुणापुढे हात पसरला नाही. खड्याच्या पिशवीचं पुढे तिने बँकेत खातं केलं होतं, त्यात निघालं सगळं. डॉक्टरांचे, औषधांचे, शेवटच्या गाडीचेसुद्धा. ती कुणाचं एका पैशाचंही देणं न ठेवता गेली. मला राग येतो, रडू येतं, पण आधी या दोघांचे आभार मानावेसे वाटतात. एकाने शिकवलं, एकीने निभावलं. मी नुसता उचलत होतो.

पिशव्या कपाटात आहेत. किल्ली, बटण, पेन्सिलीचा तुकडा, सगळ्या तिथेच आहेत. काल खड्याची काढून तळहातावर धरली. आत खडा सोडून काही नाही. कापड तिच्या हाताने मऊ झालंय, एका कोपऱ्याला तिने घातलेलं ठिगळ आहे. चाचा असते तर दोन बोटं वाजवून म्हणाले असते, बारदान वजा कर.

चाचा, तुमचं सगळं ऐकलं. एवढं मात्र नाही करणार.