बारा ते दोनचा पहारा

आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. गळ्यात पट्टा अडकवून कोणीतरी उभ्याने ती छेडत राहतं, तोंडाने भजन चालू ठेवतं आणि दोन तासांनी पुढच्याच्या गळ्यात घालतं. याला पहारा म्हणतात. बसायचं नाही, टेकायचं नाही, पुढचा आल्याशिवाय हलायचं नाही. आणि दुपारी बारा ते दोनचा पहारा कैक वर्षं आमच्या घरचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांना आम्ही दादा म्हणतो.

यंदा दादांचे दोन्ही गुडघे गेले. सप्ताहाची मंडळी म्हणाली, पहाऱ्याच्या फळ्यावरून तुमचं नाव काढू, दुसऱ्या कोणाला देऊ. दादांनी मला नाशिकला फोन लावला. "पहारा घरातून जाता कामा नये. तू उभा राहशील ना?" मी तिथल्या द्वारका चौकात रिक्षात अडकलो होतो, डोकं आधीच फिरलेलं. म्हणालो, "राहीन की! दोन तास उभं राहायला काय अक्कल लागते?"

अक्कल नाही लागत हो, पाय लागतात. वीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसून मी पाय फक्त जिना उतरायला ठेवले होते, तेही लिफ्ट बंद असेल तर.

पहिला अर्धा तास मी मोठ्या रुबाबात होतो. मग शहाबादी फरशी टाचांना टोचू लागली. उजव्या पायावर भार द्यावा तर त्याला मुंग्या, डाव्यावर द्यावा तर पोटरीत गोळा. पट्ट्याने मान धरली. छेडून छेडून बोट हुळहुळलं. त्यात नाकावर एक माशी बसली. एका हाताने वीणा धरलेली, दुसऱ्याने छेडायची, माशी हाकलायला तिसरा हात आणू कुठून? ती मात्र निवांत, जणू तिचाही पहारा होता.

एकला पंगती सुरू झाल्या. सगळं गाव आमटी-बुंदीकडे पळालं. देवळात उरलो मी, डुलक्या घेत मृदंग वाजवणारे एक म्हातारबाबा आणि खांबाजवळ लाल प्लास्टिकच्या खुर्चीत दादा. त्यांचं सगळं लक्ष माझ्या पायांवर. मी जरा गुडघा वाकवला की यांची भुवई वर. मध्येच खुर्चीचे हात धरून अर्धवट उठायचे, परत बसायचे. मला वाटलं, मला झापायला उठताहेत. अशी चीड आली! उभा आहे ना बाबा, अजून काय करू?

दोन वाजले. पुढचा पहारा भावकीतल्या एका काकांचा. ते समोरच लिंबाखाली सुपारी कातरत बसलेले. मी डोळे वटारले, मान हलवली, भजनाचा आवाज चढवला. काका ढिम्म. सव्वादोन झाले. आता पायांपेक्षा मोठं संकट उभं राहिलं होतं, कारण निघताना आईने आग्रहाने दोन तांबे ताक पाजलं होतं. शेवटी मी मृदंगवाल्या बाबांकडे वाकलो आणि हळूच म्हणालो, "बाबा, त्या काकांना हाक मारा हो. मला लय जोराची लघवी लागलीय."

हळूच म्हणालो खरं, पण भजनाचा माईक वीणेच्या पट्ट्यालाच, छातीशी अडकवलेला होता. देवळावरच्या दोन्ही कर्ण्यांनी ही बातमी पार मळ्यांपर्यंत पोचवली. शेवटच्या पंगतीत हशा पिकला. मेलो, म्हटलं. आता नाव पुसणार फळ्यावरून, आणि दादा जन्मभर ऐकवणार.

काका हसत हसत आत आले. मी वीणा पुढे केली तर दोन पावलं मागे सरकले. "मला नको देऊ. तुझ्या दादांनीच सांगितलंय, दोनला येऊ नको म्हणून. त्यांना घ्यायचीय, एकदा तरी. बारा वाजल्यापासून उठायचं पाहू राहिले."

मी दादांकडे पाहिलं. हात खुर्चीवर घट्ट, नजर खाली. लाजले होते. मला मघाच्या रागाची लाज वाटली.

एका बाजूने काका, दुसऱ्या बाजूने वीणा सांभाळत मी, असं करून आम्ही त्यांना उभं केलं. पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. दादांनी वीणेला कपाळ लावलं, तार छेडली आणि असा खणखणीत सूर लावला की मृदंगवाले बाबा दचकून जागे झाले. गुडघे मात्र लटलटत होते. मी मागून कंबर धरली. दोघांचे मिळून चार पाय, त्यातला एकही धड नाही.

जरा वेळाने मान न वळवता ते म्हणाले, "जा आता. साऱ्या गावाला सांगितलंस ना?"

"नाय जायचं मला."

"देवळात खोटं बोलतो?"

"सोडलं तर पडाल, दादा."

त्यांनी तार छेडली. मग म्हणाले, "मग घट्ट धर."

हेही कर्ण्यांवरून सगळ्या गावाने ऐकलं. या वेळी पंगतीत कोणी हसलं नाही.