आक्काचा छापील दाखला

गिरणीच्या फाटकाशी काम मागायला आलेल्या बाईचं तोंड मुकादमीण आक्का कधी बघत नसे. ती हात बघायची. सुताचा एक धागा फटदिशी तोडायची, दोन्ही टोकं समोरच्या बाईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "सांद." जिची गाठ झटक्यात पडे तिला ती परत पाठवी. जिचा हात कापे तिला आत घेई.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या आया-बहिणी अशाच आत गेल्या, त्यामुळे तुम्हांला याचं नवल वाटायचं नाही. मला वाटलं. युनियनची पत्रकं वाटत मी रोज त्या फाटकावर उभा असायचो. सूत गुंडाळायच्या खात्यात सगळ्या बायकाच, आणि कोणती घ्यायची ते आक्का ठरवी. इतर खात्यांतले मुकादम भरतीला चिरीमिरी घेत. ही सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. मग काम न येणाऱ्याच बायका का निवडते? एकदा विचारलंच.

"गाट आट दिसांत येती की," ती म्हणाली. "पोट आट दीस थांबतंय व्हय?"

"म्हणजे हात कापतो तो भुकेनं?"

"मग काय थंडीनं? सोलापुरात?"

हात बघून झाला की दुसरा प्रश्न ठरलेला : "घरात खानारी किती?" नरसम्मा नावाच्या तेलंगी बाईनं एक पंजा दाखवला आणि भीतभीत दुसऱ्या हाताची चार बोटं उभी केली. "नऊ? कोंबड्या बी धरल्यास काय गं?" रांग हसली. नरसम्माही हसली आणि चार बोटं तिनं मिटून घेतली. आक्कानं तिला आत धाडलं. मला म्हणाली, "पाच खरी हायेत. चार भ्यानं वाढवली बिचारीनं."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि मुकादमकीचा पगार खाणारं कुणी चांगलं असेल हे मला पटवून घ्यायचंच नव्हतं. मालक हिच्यावर खूष का? उपाशी बाई संपाला उभी राहत नाही म्हणून! मी पत्रक काढलं. जाड टाइपात छापलं : 'मुकादमीण आक्का काम न येणाऱ्या, उपाशी बायका वेचून भरते, कारण उपाशी बाई मालकापुढे मान वर करत नाही.' खाली माझं नाव.

आक्काला वाचता येत नव्हतं. दुपारच्या सुट्टीत तिनं मला फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बोलावलं. बायका भाकऱ्यांची फडकी सोडून बसल्या होत्या. "तूच लिवलंस, तूच वाच." मी वाचू लागलो. अर्ध्यावर थांबलो. "म्होरं," ती म्हणाली. सगळं वाचायला लावलं. मग भाकरीवरची शेंगाचटणी बोटानं सारखी करत म्हणाली, "खोटं न्हाय लिवलंस. भरल्या पोटाच्या घेतल्या तर तुजा संप हुईल. पन ही कुटं जाईल?" ही म्हणजे नरसम्मा. उत्तर पुढच्या पत्रकात देतो, म्हणालो. आजवर दिलेलं नाही.

पत्रक नीट वाचलं ते मॅनेजरनं. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यानं उचलला आणि दुसरा टाकून दिला. काम न येणाऱ्या बायका भरते, असं युनियनच छापते, म्हणून आक्काला त्यानं काढून टाकलं. मी कचेरीत जाऊन ओरडलो. निषेधाचं पत्रक काढलं. सभा घेतली, सभेला माणसांपेक्षा सतरंज्या जास्त होत्या. आणि फाटकाशी एक टेबल आलं, टेबलामागं एक बाबू. धागा तोही द्यायचा. पण स्थिर हात आत, कापणारा हात बाहेर.

महिन्याभरानं त्या रांगेत आक्का उभी होती. साधी कामकरीण म्हणून घ्या, एवढंच मागणं. बाबूनं मान वर न करता धागा पुढं केला. जिनं अख्ख्या खात्याला गाठ शिकवली तिची बोटं एकमेकांना सापडेनात. वय होतंच. दुसरंही कारण होतं, आणि ते ओळखायला मला तिनंच शिकवलं होतं.

"हात कापतो. पुढची."

आक्का बाजूला झाली. मागच्या बाईला म्हणाली, "जा गं, भिऊ नगं." मग सरळ माझ्याकडे आली.

"तुजा त्यो कागद हाय का रं एखादा?"

"कशाला, आक्का?"

"बार्शीला कापसाची सरकी काडायच्या जिनात बाया घेत्यात म्हनं. आदी कुटं कामाला हुतीस, दाखला आन, म्हनत्यात. गिरनीनं दिला न्हाय. तुज्या कागदावर लिवलंय की, मी मुकादमीन हुते म्हून."

"आक्का, त्यात पुढं काय लिहिलंय ते ऐकलंयस ना तू? मी दुसरं लिहून देतो. चांगलं."

"हातानं लिवल्यालं कोन मानतंय? छापल्यालं दे. उपाशी बाया घेत हुते, येवडंच हाय न्हवं त्यात? लाज कसली?"

तो कागद वाचून तिला कुणी काम देणार नाही, हे मला कळत होतं. पण तिच्या साऱ्या नोकरीची नोंद जगात तेवढ्या एकाच कागदावर होती, आणि ती मी केली होती. दिला.

बार्शीहून ती परत आली नाही. जिनाच्या फाटकावर तो कुणी वाचला, कुठवर वाचला, मला माहीत नाही. एवढं डोळ्यांपुढं आहे : तिनं पत्रकाची बारीक घडी केली, पदराच्या टोकात ठेवली आणि गाठ मारायला लागली. हात कापत होता. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली, चांगली घट्ट.