हरेशचा अपाची

हरेश मढवीला वाईट म्हणणारा माणूस अख्ख्या कोपरखैरणे गावात सापडला नसता. हळद असो, बारसं असो, मयत असो, हरेश सगळ्यात आधी हजर आणि सगळ्यात शेवटी घरी. पण द्रोणागिरीच्या यार्डात उत्कर्षा कामाला लागली आणि या सज्जन माणसाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते कुठल्याच गोळीने थांबेना. हेव्याला औषध नसतं, आणि असलं तरी हरेशने ते घेतलं नसतं.

यार्ड धर्मराजशेठचं. बंदरातून सुटलेले कंटेनर तिथे उतरायचे आणि ट्रकवर चढून पुढे जायचे. शेठ हरेशच्या मावशीचा दीर. नातं ओढूनताणूनच, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की शेठच्या तोंडून ठरलेले दोन शब्द निघायचे: "हरेशला विचारा." प्रिंटर रुसला, हरेशला विचारा. शेठच्या सुनेचा मोबाइल पाण्यात पडला, हरेशला विचारा. त्या दोन शब्दांवर हरेश इतकी वर्षं रोज उरण फाट्याची धूळ खात होता. घराजवळ, वाशीला, चांगली नोकरी चालून आली होती, ती त्याने सोडली. का सोडली, ते बायकोला कधीच कळलं नाही.

ट्रकचा नंबर लावायची वेबसाइटही हरेशनेच उभी केली होती. ड्रायव्हरने फोनवर आपली वेळ धरायची, लायसन्स आणि आधारचे फोटो चढवायचे, मग फाटक उघडायचं. फोनवरून कोणी पान मागितलं की ते काढून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला वेब सर्व्हर म्हणतात. हरेशचा वेब सर्व्हर होता अपाची. जगात तो असंख्य ठिकाणी चालतो, पण हरेश त्याच्याबद्दल असा बोलायचा की जणू तो मढव्यांच्या ओटीवरच रांगायला शिकला.

दुखणं एकच होतं. सकाळी वेळा खुल्या झाल्या की सगळे ड्रायव्हर एकदम तुटून पडायचे, साइट लटकायची आणि फाटकाबाहेर ट्रकची रांग लागायची. हरेश मशीन बंद करून चालू करायचा. रांग हलायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी शेठने उत्कर्षाला आणलं. कामोठ्याची पोरगी, मूळ गाव साताऱ्याकडचं, वडील बाबासो वाशीच्या मार्केटात माथाडी. इंजिनिअर झालेली, बोलायला मऊ, आणि हरेशला पहिल्या दिवसापासून 'हरेशदादा' म्हणणारी. तिने नावाने हाक मारली असती तर राग धरायला सोपं गेलं असतं.

तिने आल्या आल्या आरडाओरडा केला नाही की कोणाला नावं ठेवली नाहीत. एका रिकाम्या मशीनवर चार वेगवेगळे वेब सर्व्हर बसवले आणि त्यांची परीक्षाच घेतली. एक सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या भानगडीमुळे गळला. एक नवा होता, चांगला होता, पण तो कळणारा माणूस आसपास मिळाला नसता. उरले दोन: हरेशचा अपाची आणि एन्जिनएक्स. हरेश तिच्या खांद्यावरून पाहायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, चुकू दे, एकदा तरी चुकू दे. तिच्या तक्त्यात 'कंटेनर' चुकीचा लिहिलेला सापडला, तेव्हा त्याचा अख्खा दिवस आनंदात गेला.

शेठला फरक समजावून सांगताना तर तिने कहरच केला. हरेशची पुतणी मनस्वी, तिच्या हळदीला हरेशनेच उत्कर्षाला बोलावलं होतं. तिथली पंगत तिने इथे आणली.

"शेठ, समजा पंगतीत प्रत्येक पाहुण्यामागे एक वाढपी उभा केला. पाहुणा उठेपर्यंत त्याने हलायचं नाही. म्हाताऱ्याला भाकरी चावायला वेळ लागला तरी वाढपी तिथेच. वाढपी संपले की बाकीची माणसं मांडवाबाहेर उभी. आपला अपाची सध्या तसा लावलाय, आणि बंदराच्या रस्त्यावर नेट इतकं हळू की सगळेच पाहुणे म्हातारे. एन्जिनएक्स म्हणजे एकच वाढपी, पण पंगतभर फिरणारा. ज्याचं पान रिकामं, त्याला वाढायचं आणि पुढे सरकायचं."

शेठने मांडीवर थाप मारली. "आगं, आसा कोनी सांगलाच न्हवता मना!"

हरेशची कानशिलं तापली. हळद आमची, पंगत आमची, मटण मी वाढलं, आणि शेठला समजावणारी ही. बरं, ती खोटंही बोलली नव्हती. 'सध्या तसा लावलाय' म्हणाली होती, अपाचीला दोष दिला नव्हता. नव्या पद्धतीने लावला असता तर तोही पंगतभर फिरला असता, हे हरेशनेही कुठेतरी वाचलं होतं. पण त्याची कामाची रीत वेगळी होती. चालतंय ना, मग हात लावू नको. मुख्य फाइल त्याने पहिल्या दिवशी लिहिली, त्यानंतर देवासारखी तिला लांबूनच नमस्कार. नवीन काही बंदोबस्त हवा असेल तर तो त्या त्या फोल्डरात एक छोटी लपलेली फाइल टाकायचा: इथे पासवर्डशिवाय कोणी येऊ नये, तिथे बाहेरच्याला बंदी. घरागणिक कुलूप. अपाची प्रत्येक वेळी ती कुलपं तपासतो. एन्जिनएक्स त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सोमवारी उत्कर्षाने खुर्ची वळवून विचारलं, "हरेशदादा, मुख्य फाइल मी नव्याकडे उतरवून घेतलीय. फोल्डरांमध्ये वेगळे काही नियम ठेवलेत का तुम्ही?"

"नाय गं," हरेश म्हणाला. "सगळं मेन फाइलीतच हाय."

किती सहज गेलं तोंडातून! नंतर ती जेवायला गेल्यावर त्याने तिच्या चाचणीच्या साइटवर ड्रायव्हरांच्या कागदांचा पत्ता टाकून पाहिला. पासवर्ड विचारलाच नाही. पहिलाच फोटो आला तो पोपटरावांच्या आधार कार्डाचा. हे पोपटराव साताऱ्याहून येताना न चुकता हरेशसाठी कंदी पेढे आणायचे. घर, गाव, जन्मतारीख, सगळं उघडं. हे खऱ्या साइटवर गेलं असतं तर जगात कोणालाही दिसलं असतं.

माणसाला अशा वेळी घाम फुटावा. हरेशला आनंद झाला. मेल्याला खरोखर आनंद झाला! होऊ दे तिचं इंजिन सुरू. मग कोणीतरी बोंब मारेल, शेठ खवळेल, आणि सगळे धावत कोणाकडे येतील? त्याने खिडकी बंद केली आणि डबा उघडला. दोन घास खाल्ल्यावर मात्र पोपटरावांचा फोटोतला चेहरा समोर येऊ लागला, तेव्हा त्याने डबा बंद करून ठेवला. घरी बायकोने, नमिताने विचारलं, "बरं न्हाय का तुमाला?" तर तिच्यावरच खेकसला.

सांगायला तीन-चार दिवस होते. रोज सकाळी तो ठरवून यायचा की आज सांगू. रोज यार्डात शिरताना कोणीतरी ड्रायव्हर विचारायचा, "मॅडम आल्यात का?" आणि ठरवलेलं तिथेच विरघळायचं.

शुक्रवारी शेठने दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ टेबलाच्या एका टोकाला, मध्ये हरेश, दुसऱ्या टोकाला भिंतीशी उत्कर्षा. खुर्च्या अशा लागल्या होत्या की शेठ आणि ती यांच्या मधोमध हरेश.

उत्कर्षाने चाचणीचा निकाल सांगितला. सकाळची गर्दी नव्याने आरामात पेलली होती. मग ती थांबली. "एक मोठी अडचण आहे, शेठ. फोल्डरांमधले जुने नियम नवा सर्व्हर वाचत नाही. चाचणीत ड्रायव्हरांचे कागद उघडे पडले. ते सगळे नियम मुख्य फाइलीत आणल्याशिवाय बदल करायचा नाही." आणि अजिबात न अडखळता पुढे म्हणाली, "हरेशदादांनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो."

हरेशने तिच्याकडे पाहिलं. ती हसली नाही, डोळाही मिचकावला नाही, पुढचं पान काढायला लागली. तिला सगळं ठाऊक होतं. कागद उघडे पडलेले दिसले, तेव्हा सोमवारचं 'नाय गं' तिला आठवलं नसेल असं कसं होईल? तिने शेठसमोर त्याला उघडं पाडलं असतं तर हरेश कडाकडा भांडला असता, नातं काढलं असतं, नवी मुंबई वसवायला गावाची जमीन गेली तेव्हापासूनचं सगळं काढलं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नाही. ती हुशार आहे हे त्याने गिळलं होतं. ती शिकलेली आहे, तरुण आहे, हेही. पण ती आपल्यापेक्षा मनानेही मोठी निघावी, हे त्याला सोसवेना. आजवर तिच्यावर जेवढा जळला नव्हता, तेवढा तो त्या क्षणी जळला.

"शाबास रं!" शेठने त्याच्या हातावर हात ठेवला. "मंग आता तूच सांग. दोगांतला कोनता ठेवायचा? तू बोलशील तो. तिचा भारी आसंल, पन तू नको बोललास तं नको."

समोर वाढून ठेवलेलं ताट होतं ते. 'शेठ, ड्रायव्हरांच्या कागदांची जोखीम नको, आपला जुनाच बरा,' एवढं म्हटलं की काम झालं असतं. वाक्य जिभेवर आलंही. उत्कर्षा मान खाली घालून बसली होती. तिलाही कळत होतं की आता सगळं याच्या हातात आहे. बाहेर फाटकापाशी हॉर्न वाजत होते. साइट सकाळीच लटकली होती आणि रांग अजून पुरती हलली नव्हती. त्या रांगेत पोपटरावही असतील.

"एन्जिनएक्स," हरेश म्हणाला. हॉर्नमध्ये ते बुडालं म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "नवाच ठेवा, शेठ. गर्दीला त्योच बरा. फोल्डरांतली कुलपं कुठं कुठं हाईत ती मी काढून देतो. लय हाईत."

"झालं तं मंग!" शेठ खूश झाला. लगेच पुढे वाकला आणि हरेशच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारू लागला, "उत्कर्षा, कधी करतेस? आयतवारी गाड्या कमी आसतात. आनि काय काय लागंल, ते सगला मना सांग."

उत्कर्षाही पुढे झुकून बोलायला लागली. दोघांनाही माना वाकड्या कराव्या लागत होत्या. हरेशने थोडा वेळ ऐकलं. मग पाय जमिनीला लावून खुर्ची मागे ढकलली, म्हणजे त्यांना एकमेकांकडे बघून नीट बोलता यावं.