शोकेसमधला जोड

बाजाराच्या तोंडाशी बुटांचं दुकान असलेल्या बूटवाल्यांचा दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक चामड्यावर आणि दुसरा स्वतःच्या जिभेवर. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा आवळतंय हो," की ते खाली बसल्या बसल्या त्याचा अंगठा दाबून बघत आणि ठामपणे सांगत, "चामडं आहे साहेब. चार दिवस घाला, पायाचं होऊन जाईल." चार दिवसांनी त्या पायाचं काय व्हायचं, हे विचारायला मात्र ते कधी कोणाच्या दारात गेले नाहीत.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं. एकुलती एक लेक लग्न होऊन परदेशात. ती दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी एकच टुमणं लावायची. "बाबा, दुकान विका आणि इकडे या. एकटे पडलात-झडलात तर बघणार कोण?" बूटवाले म्हणायचे, "मला काय धाड भरलीय? रोज सकाळी टेकडी चढून येतो." यातला टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या चहाच्या टपरीपर्यंतचा भाग खरा होता.

जावई बिचारे सरळ मनाचे. टेकडीचं ऐकून ते इतके खूश झाले की सुटी काढून बेतच आखून मोकळे झाले. सासऱ्यांना बोलवायचं आणि तिकडच्या समुद्राकाठच्या पाऊलवाटेनं, मुक्कामाला तंबू ठोकत, चांगले चार-पाच दिवस चालायचं. लेकीनं तर पैजच लावली. "हे तुम्ही नीट पार पाडलंत ना बाबा, तर मी तो विषय पुन्हा काढणार नाही. आणि नाही जमलं, तर गुपचूप आमच्याकडे राहायचं." बूटवाले हो म्हणाले. फुशारकी मारून झाल्यावर माणसाला दुसरं काही म्हणताही येत नाही.

लेकीनं बजावून सांगितलं होतं, "पायात रुळलेले बूट घालून या." बूटवाल्यांनी शोकेसमधला सगळ्यात भारी जोड उचलला. डोंगर चढायचे, जाड तळव्याचे, घोट्यापर्यंत येणारे बूट. शोकेसमध्ये नेहमी लहान मापाचा जोड ठेवतात, काचेमागे तो नेटका दिसतो. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तो तिथे त्यांनीच ठेवला होता. पण लेकीच्या सासरच्या मुलुखात बूटवाल्यानं झिजके बूट घालून कसं जायचं? दुकानात पाय घालून बघितला. आवळला. "चामडं आहे," ते स्वतःलाच म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य गिऱ्हाईक म्हणून ऐकून त्यांचं समाधानही झालं.

पहिल्या दिवशी वाट कड्याच्या काठाकाठानं वर चढली, खाली उतरली, पुन्हा वर चढली. डावीकडे समुद्र, वर पांढरे पक्षी, आणि वारा असा की टोपी डोक्यावर ठेवायला एक हात तिथेच अडकून पडावा. जावई थांबून थांबून फोटो काढत होते. बूटवाल्यांना या जागेचं सौंदर्य फारसं दिसलं नाही. दोन्ही करंगळ्यांतून निघालेली कळ डोक्यापर्यंत पोचली होती आणि डोळ्यांसमोर काजवे चमकत होते.

"बाबा, पाय दुखतायत का?" लेकीनं विचारलं.

"छे! मी मुद्दाम हळू चालतोय. निसर्ग बघत."

मुक्कामाला पोचल्यावर जावयांनी तंबू उभारला. लेक म्हणाली, "बूट बाहेर काढा हं, आत वाळू येते." इथे बूटवाल्यांचं शहाणपण आडवं आलं. दिवसभर चालल्यावर पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी द्यावं, हे त्यांनी जन्मभर लोकांना शिकवलं होतं. आता हे बूट एकदा निघाले तर सकाळी दोन माणसं लावूनही पाय आत जायचा नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. "असू देत गं," ते म्हणाले. "परका मुलूख. कधी पळायची वेळ येईल सांगता येत नाही." आणि बुटांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ते तसेच पिशवीवजा पांघरुणात शिरले. अंगाखालचे खडे मोजत पडले असताना त्यांना आपल्या दुकानातून आवळते बूट घेऊन गेलेली एकेक गिऱ्हाईकं आठवू लागली. विशेषतः तो नवरदेव, जो लग्नात शेवटी अनवाणीच उभा राहिला होता. त्याला आपण वर हसलोही होतो.

पुढे एक खाडी आडवी आली. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचं. लेकीनं बूट काढून गळ्यात अडकवले, जावयांनीही काढले. दोघं पलीकडच्या वाळूवर उभे राहून बूटवाल्यांकडे बघू लागले. बूटवाल्यांनी आकाशाकडे बघितलं, घसा खाकरला आणि बुटांसकट पाण्यात पाऊल टाकलं.

"अहो बाबा, बूट!" जावई ओरडले.

"उत्तम माल आहे, जावईबापू! याला पाण्याची भीती नाही!"

मालाला नसेल, पण मालकाला होती. भिजलेलं चामडं वाळताना आकसतं, हे त्यांच्याइतकं तिथे कोणालाच माहीत नव्हतं. उन्हं वर आली तसे बूट सुकत गेले आणि बूटवाल्यांना ब्रह्मांड आठवलं. तरी ते चालत राहिले. चढावर दम लागला की पक्षी दाखवायचे, उतारावर गुडघे बोलायला लागले की लेकीला तिच्या लहानपणीची एखादी गोष्ट सांगायचे. गोष्टी लांबत गेल्या. काहींना तर शेवटच नव्हता. जावई मनापासून म्हणाले, "बाबा, तुमच्या वयात आम्हाला हे जमणार नाही." असल्या माणसाला फसवताना बूटवाल्यांना आपली लाज वाटली, पण लाजेपेक्षा करंगळी जास्त ठणकत होती.

अशी मजल दरमजल करत शेवटच्या दुपारी वाट एकदाची संपली. पुढे डांबरी रस्ता, बसचा थांबा आणि एक लाकडी बाक. बाक बघून बूटवाल्यांचा जीव भांड्यात पडला. जावई बसची चौकशी करायला पुढे गेले. लेक शेजारी येऊन बसली.

"हरले मी बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, पहिल्याच चढावर बसाल. तुम्ही खरंच ठणठणीत आहात. आता नाही मागे लागणार. राहा तिकडे निवांत."

जिंकलो, असं बूटवाल्यांना वाटायला हवं होतं. तिनं आग्रह धरला तर काय काय सांगायचं, याची त्यांनी मनात जय्यत तयारी केली होती. दुकान आहे, शेजारी आहेत, टेकडी आहे. पण तिनं विचारलंच नाही. पाण्याची बाटली उघडून ती शांतपणे पाणी प्यायला लागली. तिनं विश्वास ठेवला होता. जन्मभर खोटं बोलून माल खपवणाऱ्या माणसाला आपलं खोटं इतक्या सहज खपलं म्हणून गलबलून आलं. रविवारी ते जेवण लवकर आटोपून फोनजवळ बसत, ते ती कटकट ऐकायलाच. घरात दुसरं कोणी त्यांना या म्हणणारं, बसा म्हणणारं उरलं नव्हतं. आणि आज जिंकून ते तेही घालवून बसले होते.

ते वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. बूट निघता निघेना. लेकीनं टाच धरून ओढला, तसा तो मोज्यासकट निघाला आणि त्याच्याबरोबर थोडी कातडीही.

"बाबा! हे काय? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर हरलो असतो."

तिचे डोळे भरले होते आणि रागही आला होता. पाय मांडीवर घेऊन ती त्यावर बाटलीतलं पाणी ओतू लागली. "एवढं लपवलंत, जिंकलात, आणि आता कशाला दाखवताय मला?"

बूटवाले समुद्राकडे बघत होते.

"तू विचारत राहा गं," ते म्हणाले. "मी नाहीच म्हणेन. पण तू विचारत राहा."