आयलीनबाई आईला काय सांगायच्या

भूतंखेतं, संकेत, पूर्वजन्म... यातलं मला कधी काही पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही पटत नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सतरा वर्षं गेली. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही, की मी त्या तक्रारीचं तिकीट बंद करते आणि पुढच्याकडे वळते. हे एक मात्र वर्ष उलटलं तरी बंद होत नाहीये, म्हणून इथे लिहायला बसलेय. खुलासा मिळेल म्हणून वाचणार असाल तर आधीच सांगते — माझ्याकडे तो नाही.

मी डब्लिनच्या पश्चिमेला, क्लोनडॉकिनमध्ये राहते. एकटीच. भिंतीला भिंत लागून जुळी घरं, मागे वीतभर गवत, मध्ये लाकडी कुंपण. शेजारी ऑर्ला — पन्नाशी उलटलेली, एका शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ नोकरी करणारी — आणि तिची आई आयलीनबाई, वय तेव्हा पंच्याऐंशी. चार वर्षांपूर्वी स्ट्रोक आला आणि आयलीनबाईंची वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला, 'ग्रँड'. इथले लोक ठीक आहे, बरं आहे, चालेल, या सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. आयलीनबाईंकडे तेवढाच शिल्लक होता. चहा हवाय का? ग्रँड. दुखतंय का? ग्रँड. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं आणि तोंडात ग्रँड. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता यापुढे सुधारणा नाही.

माझे बाबा गेल्या वर्षी जानेवारीत गेले. आईला एकटं ठेवायला नको म्हणून एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. आणलं खरं, पण मी दिवसभर वरच्या खोलीत कॉलवर, आणि संध्याकाळी माझ्यात बोलायचंही त्राण नसायचं. आई अचलपूरची. तिला वऱ्हाडी येते, कामापुरती हिंदी येते. इंग्रजीची अक्षरंसुद्धा ओळखता येत नाहीत. ती मागच्या दारी उभी राहायची आणि शेजारच्या दोरीवरचे कपडे बघत बसायची.

ऑर्लाने एकदा कुंपणावरून विचारलं, मला केमिस्टकडे जाऊन यायचंय, तुझी आई तासभर माझ्या आईजवळ बसेल का? आई लगेच चप्पल घालून निघाली. तिथून ते रोजचंच झालं. दुपारी दोन ते चार. ऑर्ला औषधं आणायची, कधी नुसतीच गाडीत बसून डोळे मिटायची. मला म्हणाली, "मधू, तुझी आई देवमाणूस आहे गं." ती किती थकली होती ते तिच्याकडे बघून कळायचं. मीही थकलेलीच होते. आम्ही दोघी एकमेकींशी फार बोलायचो नाही.

मग संध्याकाळी पोळ्या लाटताना आई सांगायला लागली.

"आयलीनबाईच्या लहानपणी म्हणे न्हाणीघरच नव्हतं घरात. टिनाचं टोपलं भिंतीले टांगून ठेवत. शनिवारी त्यात सारे एकामागं एक."

मी म्हटलं, "हं."

"माय मासे कापाले जाये तिची. हाताले मिठानं भेगा पडत. थे म्हणे, मायनं गालावरून हात फिरवला का गाल खरचटे."

मी तरीही "हं" म्हटलं. मला वाटलं, टीव्हीवर काहीतरी बघते आणि मनाने जुळवते. बाबा गेल्यापासून ती जरा तशी झालीच होती. आयलीनबाई बोलूच शकत नाहीत, हे तिला सांगून तिचं उगाच मन मोडायचं कशाला?

हळूहळू गोष्टी वाढल्या. बाप मोठ्या मासेमारी जहाजावर — तीन आठवडे समुद्रात, तीन दिवस घरी. लढाई संपून चार-पाच वर्षं झालेली, तरी गल्लीच्या टोकाची घरं बॉम्बने पडलेली तशीच. तिथे एक जिना होता म्हणे, वर जायचा आणि वर घरच नाही. पोरं त्या जिन्यावर चढून राजा-राजा खेळत. वारा फिरला की मासळीच्या वासाने वाळत टाकलेले कपडे पुन्हा धुवावे लागत. "आन् सारे लेकरं टेनफुटात खेळत," आई म्हणाली.

"कशात?"

"टेनफुटात."

"म्हणजे काय?"

"मले काय मालूम? थे टेनफुटच म्हणे."

आईला 'टेन' म्हणजे दहा हेही ठाऊक नाही. मी तेव्हा काही विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता.

जूनच्या शेवटी एका दुपारी आई चार वाजता घरी आली आणि सरळ माझ्या खोलीत आली. मी कॉलवर असताना ती कधी येत नाही. मी म्यूट केलं.

"तिच्या भावाले फोन लावाले सांग ओरलाबाईले."

"कोणाच्या भावाला?"

"आयलीनबाईच्या. स्टॅन नाव आहे त्याचं. लय उशीर झाला म्हणे. थे रडून राह्यली आज."

मग आईने पलंगावर बसून सगळं सांगितलं. आयलीनबाई अकरा वर्षांच्या, भाऊ नऊ वर्षांचा. त्यांच्या आईने दोघांना घरातल्या सगळ्यांची रेशनची पुस्तकं देऊन दुकानात पाठवलं. आयलीनबाई वाटेत त्या पडक्या घरात खेळायला गेल्या आणि पुस्तकं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून विसरल्या. दुसऱ्या दिवशी कामगारांनी ती भिंत पाडली. घरी त्यांनी सांगितलं, पुस्तकं मी स्टॅनकडे दिली होती. नेमका बाप त्या दिवशी घरी. त्याला वाटलं पोराने पुस्तकं कुणाला तरी विकली. पट्ट्याने मारलं, आणि चोर पोरगा घरात नको म्हणून समुद्रापलीकडे, इकडे आयर्लंडला मामाच्या शेतावर धाडून दिला. दोन वर्षं. गोठ्याशेजारी झोपायचा, शाळा नाही. आयलीनबाईंनी तोंड उघडलं नाही.

"आता उघडते तं शब्दच नाही," आई म्हणाली. "बिचारी."

मी लॅपटॉप बंद केला. मला भीती वगैरे वाटली नाही. खूप दमल्यासारखं वाटलं, इतकंच.

चार दिवस मी ऑर्लाला काही बोलले नाही. काय बोलणार? त्या रविवारी आईची बॅग भरत होतो, गुरुवारचं विमान. आईने हातातली साडी खाली ठेवली. "तू सांगत नसशील तं मी खुणा करून सांगते," म्हणाली. मग गेलो दोघी.

ऑर्लाने दार उघडलं. स्वयंपाकघरात आयलीनबाई चाकाच्या खुर्चीत होत्या. मी शक्य तितक्या थोडक्यात सांगितलं. ऑर्ला प्रेसच्या — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — दाराला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा लाल झाला.

"माझ्या आईला स्वतःचं नाव सांगता येत नाही, मधू."

"माहितीय मला."

"तीन वर्षं मी तिला भरवते, पुसते, रोज बोलते तिच्याशी. आणि ती तुझ्या आईशी बोलते?"

आईला शब्द कळले नाहीत, पण ती उठून ऑर्लाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. ऑर्ला रडली थोडी. मग म्हणाली, स्टॅन नावाचा मामा आहे तिला. इंग्लंडच्या उत्तरेला हल नावाच्या बंदराच्या शहरात, जिथे दोघं वाढले. ख्रिसमसला कार्ड येतं, बाकी काही नाही. आईच्या लग्नालासुद्धा आला नव्हता. "आम्हाला सांगायचे की त्याला आयर्लंड आवडत नाही." आणि हलबद्दल विचारलं की आई एवढंच म्हणायची, काय सांगायचंय, धूर आणि मासे.

फोन टेबलावर ठेवून तिने स्पीकर लावला. पलीकडे एक खरखरीत म्हातारा आवाज. ऑर्लाने सुरुवात केली आणि दोन वाक्यांत फोन माझ्याकडे सरकवला, म्हणून मी बोलले. मी कोण, माझी आई कोण. म्हातारा वैतागला. "हे बघ पोरी, मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे, मला काही विकू नकोस." मी घाईघाईने म्हटलं, तुम्ही लहानपणी टेनफुटात खेळायचा, गल्लीच्या टोकाला एक जिना होता...

म्हाताऱ्याने मला मध्येच तोडलं.

"टेनफुट कोणी सांगितलं तुला?"

नंतर कळलं, घरांच्या मागच्या बोळाला हलमध्येच तसं म्हणतात. ऑर्लाने तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. तिच्या आईने साठ वर्षं डब्लिनमध्ये राहून कधी उच्चारला नव्हता.

मी म्हटलं, "आयलीननी. रेशनची पुस्तकं त्यांनी हरवली होती. त्यांना तुम्हाला ते सांगायचंय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं तिला आत जाताना. बाप तीन दिवस घरी असायचा, तेवढे तीन दिवस तो तिच्यावर जीव टाकायचा. ते तिचं मोडायला नको म्हणून मी मुकाट्यानं मार खाल्ला. वाटलं, चहाच्या वेळेपर्यंत सांगेल ती." मग थोडं थांबून, "मग वाटलं, बोटीत बसायच्या आधी सांगेल."

आयलीनबाईंनी हात पुढे केला. ऑर्लाने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. तो एकटाच बोलत राहिला — कुठल्याशा कुत्र्याबद्दल, आईच्या हातांबद्दल, शेजारच्या बाईबद्दल जी पोरांना पावाला चरबी लावून द्यायची. आम्ही तिघी मागच्या गवतावर जाऊन उभ्या राहिलो. पाऊण तासाने आत आलो तेव्हा फोन बंद झाला होता आणि आयलीनबाई झोपल्या होत्या.

विमानतळावर मी आईला शेवटी विचारलंच. "आई, त्या कोणत्या भाषेत बोलायच्या तुझ्याशी?"

आई विचारात पडली. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "थे सांगे, मी आयके," म्हणाली. "भाषा कायची आली त्यात?"

मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलंय. ऑर्लाला माहीत नव्हतं. घरात पत्रं, डायऱ्या, फोटो काही नाही. स्टॅनने बायकोलाही सांगितलं नव्हतं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक हलमध्ये, आणि दुसरीला बोलता येत नाही.

स्टॅन आता दर रविवारी फोन करतो. आणि शनिवारी दुपारी दोन वाजता मी तिकडे जाते, मोबाइल घरी ठेवून. आई बसायची त्याच खुर्चीत बसते. आयलीनबाईंचा हात हातात घेते. त्या माझ्याकडे बघतात, आणि मी थांबते... काहीच ऐकू येत नाही. घड्याळ, फ्रिज, बाहेरच्या गाड्या. चार वाजता ऑर्ला परत येते आणि दारातूनच भुवया उंचावून विचारते. मी नाही म्हणून मान हलवते. मग ती कोट काढते आणि किटली लावते.