परतीची नळी

मामांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून.

मामा म्हणजे पलूसला आमच्या गॅरेजशेजारी विहिरीवरचे पंप दुरुस्त करणारे निवृत्त फौजी. मूळचे वडूजकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. कुणी बिघाड सांगायला लागलं की बोट वर करायचे, “तोंडानं नको. हात लावून सांग.” कारखान्याचा साहेब असला तरी तेच. एकदा डॉक्टर त्यांना मणक्याचा आजार समजावत होते, तर मामांनी त्यांच्यापुढं पाठ केली.

मी वाशीमचा. आठवीतून शाळा सुटली ती सुटलीच. मामांनी मला नावानं कधी हाक मारली नाही, ‘वाशीम’च म्हणायचे. महिन्याभरापूर्वी मी एका ट्रॅक्टरचं जुनं ऑइल काढलं आणि नवं भरायचंच विसरलो होतो. मालक म्हणाले होते, पुढची चूक झाली की सरळ घरची गाडी धरायची. तिकडं आईनं गावभर सांगितलेलं, पोरगा मेकॅनिक झाला.

अशात पाचगणीच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याची जुनी पेट्रोल जीप आली. तिच्यात डिझेल इंजिन घालायचं, शिवाय दोन टाक्या, सीटखाली एकेक. इंजिन मालकांनी बसवलं, टाक्यांची जोडणी माझ्यावर सोडली. मी मध्ये कॉक बसवला. डावीकडं फिरवला की डाव्या टाकीतून डिझेल येणार, उजवीकडं फिरवला की उजव्या. दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या, कॉक उजवीकडं केला आणि जीप चालू केली. मालक जेवायला गेले होते. संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं.

थोड्या वेळानं डाव्या टाकीच्या झाकणातून डिझेल सांडायला लागलं. जिच्यातलं थेंबभर घेत नव्हतो, तीच टाकी ओसंडत होती. इंजिन बंद केलं. चिंध्या घेऊन पुसत बसलो.

मामा चहाचा ग्लास घेऊन आले. फौजेत त्यांनी दोन टाक्यांचे ट्रक वर्षानुवर्षं चालवलेले. वाकून बघितलं आणि म्हणाले, डिझेल कुठनं कुठं जातंय ते दाखव.

मी बोट ठेवत गेलो. टाकी, कॉक, फिल्टर, पंप, इंजिन.

“आन् मग?”

“मग जळतं.”

“समदं जळतं व्हय रं?”

माझं बोट तिथंच थांबलं. पेट्रोलच्या त्या जुन्या इंजिनातून परत काही यायचं नाही. डिझेलमध्ये उरलेलं टाकीत परत येतं, त्याची वेगळी नळी असते. ती मी कायमची डाव्या टाकीला जोडून टाकली होती.

“उजवीकडचं पितंय आन् डावीकडं वततंय,” मामा म्हणाले. “घाटात सांडलं आसतं तर मागनं येणारा फटफटीवाला कुठं गेला आसता?”

तुम्ही म्हणाल, मामांनी मालकांपुढं माझी बाजू घेतली असेल. नाही घेतली. म्हणाले, चूक तुझी हाय, तूच सांगायची. मालक आले तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, नळीला हात लावून. मामा बाजूला उभे राहून चहा पीत होते. मालकांनी ते झाकण उघडून आत बघितलं. मग म्हणाले, “सांगलीस्नं दोन्ही नळ्या एकदम फिरवणारा कॉक घिऊन ये. गिऱ्हाइकाला सांगतो उद्या ये म्हणून.”

घरच्या गाडीचं नाव निघालं नाही.

मामांनी त्यांची स्कूटर दिली. कॉक आणला, बसवला. दोन्ही टाक्यांतलं थोडं थोडं डिझेल काढून घेतलं, काठी बुडवून खुणा केल्या आणि अर्धा तास इंजिन चालवलं. उजवी टाकी उतरली, डावी जागची हलली नाही. मी तिथंच जमिनीवर बसून रडलो.

“आता रड,” मामा म्हणाले. “मगाशी रडला आसतास तर दोन गळत्या काढाय लागल्या आसत्या.”

ती जीप अजून पाचगणीला पळते.

यंदा मामांनी दुकान बंद केलं आणि ते गावी गेले. नजर अधू झाली, बारीक नळ्या दिसेनात. त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. परवा फोनवर सांगत होते, विहिरीवरचं इंजिन बंद पडलंय, पण गावातल्या कुणाला हात लावू देत न्हाई.

मामा, मी येणार आहे. कधी, ते मालक रजा देतील त्यावर आहे, पण येणार. तुम्ही विहिरीच्या कडेला बसा. चुकलो तर बोला.